पडितावरची नसीमबानो

खारखेडात नसीमबानोच्या जवळ बसायला कोणी धजत नसे, आणि त्याचं तिला काही वाईटही वाटत नसे. मेलेल्या ढोरांची हाडं गोळा करणाऱ्या बाईच्या अंगाला वास येणारच. एस.टी.त बसली की शेजारची बाई पदर नाकाला लावायची. नसीमबानो मग मुद्दाम तिच्याकडे सरकून विचारायची, "कोन्या गावच्या वो बाई तुमी?" आणि भातकुली येईपर्यंत तिच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. बाई खमकी होती. नवरा जहीर काविळीनं गेला तेव्हा गावाला वाटलं, आता ही पोराला घेऊन परतवाड्याला माहेरी जाईल. विधवेनं घरात बसायची इद्दत संपली त्या सकाळी ती नवऱ्याची बंडी जुंपून पडितावर हजर झाली, आणि गावानं तोंडात बोटं घातली.

पडीत म्हणजे गावाच्या मावळतीला, नाल्याकाठी, मेलेली ढोरं टाकायची जागा. सरकारदरबारी तिला ई-क्लास म्हणतात. तिथली माती खारी आणि विहिरीचं पाणी त्याहून खारं, म्हणून तिथं ना कापूस येई ना तूर, आणि म्हणूनच ती मेलेल्या ढोरांच्या वाट्याला आली. काठावर अर्जुनाची जुनी, दोघांच्या कवेत न मावणारी झाडं होती. त्या झाडांवर गिधाडं राहत. ढोर टाकून माणसं माघारी वळतात न वळतात तोच आभाळात एक ठिपका दिसे, मग दहा, मग सगळं आभाळच खाली उतरल्यासारखं होई. दुपारपर्यंत हाडं धुतल्यासारखी स्वच्छ. नसीमबानोनं ती वेचायची, रचून ठेवायची आणि अकोल्याकडच्या हाडांच्या मिलचा ट्रक आला की भरून द्यायची. "माहे मजूर लय भारी," ती म्हणायची. "रोजी मांगत नाईत, अन् बिडी प्यायले उठत नाईत."

आपल्याकडे गिधाड ही शिवी आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं खुशाल एकमेकांना गिधाड म्हणतात आणि त्या पाखराला बदनाम करतात. गावात रोगराई का येत नाही, नाल्याचं पाणी का सडत नाही, याचा विचार कोणी केला नव्हता. करायचं कारणही नव्हतं. घरात कोणीतरी न बोलता भांडी घासून ठेवत असेल, तर भांडी घासली कोणी असं कोण विचारतं?

नसीमबानोच्या जवळ बसणारं गावात एकच माणूस होतं, ती जमुना. जमुना ही चंद्रभानची बायको. त्यांचं शेत पडिताला लागून. निंदण-खुरपण करता करता जमुना धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, यायची, इकडून नसीमबानो यायची, आणि दोघी मिसरी लावत बसायच्या. जमुनाला मूलबाळ नव्हतं. नसीमबानोचा वकार मोठा होऊन परतवाड्याच्या एका गॅरेजात कामाला लागला होता आणि फार येत नव्हता. दोघींना बोलायला माणूस हवं होतं, एवढं कारण पुरे होतं. जमुनाची सासू असेतोवर "हाडवालीपाशी बसून आली का?" म्हणून तिला दारातच पाय धुवायला लावायची. जमुना पाय धुवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची.

गिधाडं कमी झाली ती एकदम कमी झाली नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. नसीमबानोच्या लक्षात आलं, पण तिनं चुकीचा अर्थ लावला. तिला वाटलं, पाखरं उन्हाला कंटाळून मेळघाटात गेली असतील. त्या वर्षांत उन्हाळा होळीच्या आधीच सुरू व्हायचा. पाऊस ओढ द्यायचा, आला की नाला भरून वाहायचा आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ठणठणाट. वीटभट्टीवाल्यांनी अर्जुनाची निम्मी झाडं नेली होती. मग पाखरं कशाला राहतील, असा तिचा साधा हिशेब. येतील परत, ती म्हणायची.

पण जी राहिली होती ती झाडावर मान खाली टाकून बसू लागली. म्हातारा माणूस ओट्यावर पेंगतो तशी. दोन दिवस तशी बसायची आणि तिसऱ्या दिवशी झाडाखाली पडलेली सापडायची. अंगावर जखम नाही, काही नाही.

आणि ढोरं पडितावर तशीच पडून राहू लागली. चाऱ्यापाण्याच्या टंचाईत मरणारी ढोरं वाढली होती आणि खाणारं कोणी नव्हतं. बैल फुगायचा, फुटायचा, आठ आठ दिवस घाण सुटायची. हाडं काढायला नसीमबानोला सुरी हातात धरावी लागली, आणि तिनंही पहिल्यांदा तोंडाला फडकं बांधलं. पावसाळ्यात ते सगळं नाल्यात उतरलं. त्या वर्षी नाल्यावर पाणी पिणारी वासरं हगवणीनं गेली, तीही पडितावरच आली.

मग कुत्री आली. आधी गावातलीच चार होती, ओळखीची, हाड म्हटलं की पळणारी. मग कुठून कुठून आली देव जाणे. पडितावर त्यांनी बिळं केली, तिथंच व्याली. त्यांची पिल्लं माणसाच्या हातची भाकर न खाता वाढली, आणि माणसाला भिणं त्यांना कोणी शिकवलंच नाही. नसीमबानो बंडी घेऊन गेली की ती उठत नसत. बसल्या जागेवरून बघत राहत, आणि ती वळली की मागून येत. ती थांबली की थांबत.

"गिधाडाले माणसाचं काई देनंघेनं नोतं," ती जमुनाला म्हणाली. "हे तं मले वजन करून राहिल्यासारखे पाह्यतेत."

जमुना हसली. मग हसता हसता थांबली.

आकांक्षा नावाची मुलगी अमरावतीहून आली ती याच सुमारास. राजापेठेत खोली घेऊन राहायची, गिधाडांवर अभ्यास करायची, स्कूटीवर गावोगाव फिरायची. तिनं नसीमबानोच्या देखत एक मेलेलं गिधाड कापलं. आतलं काळीज, मूत्रपिंड, सगळ्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर होता. मुलीनं काही तुकडे बाटलीत घालून नेले. महिन्याभरानं ती परत आली आणि पडिताच्या काठावर उभ्या उभ्या तिनं सांगितलं.

"मावशी, लंगड्या, सुजलेल्या ढोरांना दुखणं थांबवायची सुई देतात ना, तिच्यामुळे मरतायत ही. मरायच्या आधी थोड्या दिवसांत ती सुई बसली असेल, तर त्या ढोराचं मांस गिधाडाला विष आहे."

"त्या सुईनं तं बैलाले आराम पडते," नसीमबानो म्हणाली. "मंग पाखराले कावून मरन?"

"बैलाला ते औषध पचतं. गिधाडाला पचत नाही. आणि एका ढोरावर पन्नास गिधाडं बसतात, मावशी. एक ढोर पुरतं."

 उन्हाळे कडक, चारा नाही, नवी जोडी घ्यायची कोणाची ऐपत नाही. त्यामुळे प्रत्येक घरात थकलेला बैल सुईच्या जोरावर उभा ठेवला जात होता. सुई मारणारा जमुनाचाच दीर, किशोर. तो भातकुलीच्या औषधाच्या दुकानात कामाला होता आणि संध्याकाळी मोटारसायकलवर गावोगाव हिंडून ढोरांना सुया द्यायचा. कोणाच्या मनात पाप नव्हतं. उलट ज्याचा बैलावर जास्त जीव, तो जास्त सुया मारत होता.

"आता किती राहिलीत?" आकांक्षानं विचारलं.

नसीमबानोनं अर्जुनाकडे बोट दाखवलं. शेंड्यावर पाच बसली होती.

त्या दिवसापासून त्या पाच पाखरांचा ध्यास तिनं घेतला. कारण तिला आता लख्ख कळलं होतं : ही पाच गेली की पडीत कायमचं कुत्र्यांचं. आणि कुत्री पडितावर थांबणार नाहीत. पडिताला लागून पहिलं शेत होतं ते जमुनाचं. रोज सकाळी त्या धुऱ्यावरून एकटी चालत येणारी बाई तीच होती.

गावात ढोर मेलं की नसीमबानो दारात हजर. "सुई मारली होती का?" मारली असेल तर ढोर पडितावर टाकायचं नाही, पुरायचं. खड्डा खोदायला ती स्वतः फावडं घेऊन यायची, आणि त्या ढोराच्या हाडांवर पाणी सोडायची. लोकांनी तिला सुईवाली बी म्हणून नाव ठेवलं. पोरं तिला पाहून दंडात सुई टोचल्याचा आव आणायची. पण खड्डा कोणी फुकट खोदून देतंय म्हटल्यावर लोक पुरू देत. आणि कोणी खोटं बोललं तरी चालत नसे, कारण किशोर कोणाच्या गोठ्यात जाऊन आला हे जमुनाला रात्रीच्या जेवणावर कळायचं, आणि सकाळी धुऱ्यावर ते नसीमबानोला कळायचं. दोघींनी मिळून असं वर्ष काढलं. पाचाची चार झाली नाहीत. एवढ्याशा गोष्टीचा नसीमबानोला किती आनंद झाला होता ते सांगता येत नाही. ती सकाळी उठून आधी अर्जुनाकडे बघायची आणि मग चहा ठेवायची.

आणि मग पोळा आला.

खारखेडच्या पोळ्याचा मान चंद्रभानच्या घराकडे. त्याच्या आजापासून. तोरणाखालून पहिला बैल त्यांचा जायचा, त्याशिवाय झडत्यांची गाणी सुरू व्हायची नाहीत. अट एकच : मानाच्या बैलानं आपल्या पायांनी, कोणी न हाकता, तोरण ओलांडायचं. नाही ओलांडलं तर मान शेषरावाच्या घरी. शेषराव ही वाट वीस वर्षं बघत होता, आणि ते तो लपवतही नव्हता.

चंद्रभानचा बैल बाशिंग्या. कपाळावर पांढरा चट्टा, म्हणून बाशिंग्या. त्या वर्षी पावसानं दडी मारली, दगडासारख्या जमिनीत डवरे ओढून ओढून त्याचे पुढचे गुडघे नारळाएवढे सुजले. पोळ्याच्या आधल्या संध्याकाळी खांद शेकताना जमुनानं पळसाच्या पानानं तूप-हळद लावली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं, तेव्हा तो बसल्या जागेवरून उठलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या गावानं पाहिलं, बाशिंग्या झूल पांघरून, शिंगं रंगवून, ताठ मानेनं तोरणाखालून गेला. चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. शेषरावानं पागोटं सारखं करून दुसरीकडे तोंड वळवलं.

चौथ्या दिवशी बाशिंग्या मेला.

मानाचा बैल त्या घरात कधी पुरत नसत. हळद-कुंकू वाहून, कातडं न काढता, पडितावर नेऊन ठेवायचा. ज्यानं जन्मभर घराला खाऊ घातलं, त्यानं शेवटीही कोणाचं तरी पोट भरावं, अशी त्या घराची रीत. रीत चांगली होती. चांगल्या रीतीनंच घात झाला.

नसीमबानो फावडं खांद्यावर घेऊन आली. चंद्रभान ओट्यावर बसला होता, चार माणसं बसली होती, शेषरावही होता.

"भाऊ, सुई मारली होती का?"

"कोनाले? बाशिंग्याले?" चंद्रभान ताडकन म्हणाला. "मानाचा बैल हाये थो. आपल्या पायानं गेला तोरणाखालून. साऱ्या गावानं पाह्यलं."

"पाह्यलं. म्या बी पाह्यलं. म्हणूनच इचारून राहिली."

"एक बी सुई नाई मारली."

त्याच्या बोलण्यावर तिचा विश्वास नव्हता. ती मागच्या अंगणात गेली. जमुना बाशिंग्याच्या रिकाम्या दाव्यापाशी उभी होती.

"जमुना, तू सांग. किशोर आला होता का बैलाजवळ?"

जमुनानं दावं उचललं, गुंडाळलं, पुन्हा उकललं.

"नाई," ती म्हणाली. "नाई आला."

नसीमबानोला कशाचीही शंका आली असती, जमुनाच्या शब्दाची नाही. ती फावडं घेऊन घरी गेली. दुपारी बाशिंग्याला बंडीवर घालून वाजतगाजत पडितावर नेलं. पाचही खाली उतरली. नसीमबानो कुत्री हाकत तिथंच उभी होती, त्यांना पोटभर खाता यावं म्हणून. तिनं स्वतः राखण केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाचही अर्जुनावर मान खाली टाकून बसली होती. नसीमबानो झाडाखाली जाऊन ओरडली, ढेकळं मारली, टाळ्या वाजवल्या. एकानं पंख थोडे उघडले आणि मिटले. तिसऱ्या दिवशी दोन खाली होती, पाचव्या दिवशी पाचही. शेवटच्याला तिनं मांडीवर घेतलं होतं. गिधाड जवळून भारी कुरूप दिसतं. ती त्याच्या उघड्या मानेवरून हात फिरवत बसली आणि मोठ्यानं रडली, जहीर गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मग ती उठली, ते पाखरू पदरात घेतलं आणि भर चावडीसमोर चंद्रभानच्या ओट्यावर आणून ठेवलं. माणसं जमली.

"मान राह्यला न भाऊ तुमचा?" ती म्हणाली. "हे घ्या. किती सुया मारल्या?"

चंद्रभान काळानिळा झाला. "ये हाडवाले, उचल ते! घरावर मढं आणते?"

दारात जमुना उभी होती. नसीमबानोनं तिच्याकडे पाहिलं. जमुना खाली बघत होती.

"तू बी?" एवढंच नसीमबानो तिला म्हणाली. आणि मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं चंद्रभानला म्हणाली, "ध्यानात ठेवा भाऊ. या पडितावरचे कुत्रे उद्या पयले तुमच्याच दारात येतीन. तेव्हा कोन राखन ते पाहू."

रागात माणूस बोलतं. खरं म्हणजे जे होणार होतं तेच ती बोलली. पण गावात ते वाक्य शाप म्हणून फिरलं, आणि शेषरावानं ते फिरेल याची काळजी घेतली.

त्यानंतर दोघी धुऱ्यावर बसल्या नाहीत. जमुना येताना दिसली की नसीमबानो बंडीच्या पलीकडे जायची. एकदोनदा जमुना धुऱ्यावर बराच वेळ उभी राहिली. नसीमबानोनं वर पाहिलं नाही. दुखावलेल्या माणसाला आपण किती दुखावतो ते दिसत नाही, आणि नसीमबानो काही संतमहात्मा नव्हती.

आभाळ रिकामं झालं. ढोर पडलं तरी वर ठिपका दिसेना. मिलचा ट्रक यायचा थांबला. कुत्री मात्र टोळ्यांनी हिंडू लागली. आधी बकऱ्या गेल्या, मग दिवसाढवळ्या गोठ्यातलं वासरू. शाळेत जाणारी पोरं मोठ्या माणसांच्या सोबतीनं जाऊ लागली. एका म्हाताऱ्याची चिता पुरती विझायच्या आत कुत्री तिथं पोचली. त्या दिवसापासून चितेला माणसांचा पहारा बसू लागला. ही गोष्ट गाव आपसात बोलत नसे. पाहुण्यांना तर मुळीच सांगत नसे.

पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत किशोरची मोटारसायकल नसीमबानोच्या दारात येऊन थांबली. त्यानं खाली उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"बी, चला. वहिनी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात हाये. तुमचं नाव घेऊन राहिली."

"काय झालं?"

किशोरनं गाडीला किक मारली. ती पायातल्या चपला न बदलता त्याच्या मागे बसली.

जमुनाला एका कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. पंखा बंद. दाराची फट जरा उघडली आणि वारा आत गेला, तशी ती अंगावर काही आल्यासारखी किंचाळली. आयाबाई पाण्याचा पेला घेऊन दारापर्यंत आली होती. तो पाहताच जमुनाचा गळा आवळल्यासारखा झाला. नसीमबानोनं असं कुत्रं पाहिलं होतं. माणूस पाहिलं नव्हतं. चंद्रभान बाहेर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

"कधी चावलं?"

"दिवाळीच्या आंगंमांगं. धुऱ्यावर."

"सुया कावून नाई देल्या?"

"मिरची भरली होती जखमेत. भरून आली होती."

"बैलाले सुया," नसीमबानो म्हणाली, "अन् बायकोले मिरची."

 ती आत गेली. जमुनानं तिला ओळखलं. मध्येच असे काही क्षण येत, जेव्हा ती अगदी जमुनाच असे, शहाणी, थकलेली. नसीमबानो खाटेजवळ वाकली.

"मांगं सर," जमुना म्हणाली. तोंडातून लाळ येत होती. "मांगं सर वो बाई. माही थुंकी उडन तुह्या अंगावर."

नसीमबानो मागे सरली नाही. तिनं जमुनाचे पाय धरले, कारण तेवढंच धरता येत होतं. जमुनाला काहीतरी बोलायचं होतं, पण पुन्हा तो झटका आला, आणि मग ती बोलण्याजोगी राहिली नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

जमुनाला गावी आणलं. स्मशान नाल्याच्याच काठावर, पडितापासून हाकेच्या अंतरावर. माणसं लाकडं लावून, अग्नी देऊन, उन्हं कलायच्या आत घरी परतली. पिसाळल्या कुत्र्याच्या चाव्यानं गेलेल्या बाईजवळ कोणाला थांबायचं नव्हतं. राखणीला उरला तो एकटा चंद्रभान. किशोर आणखी लाकडं आणायला गेला होता.

बाया स्मशानात जात नाहीत. नसीमबानो तर त्या धर्माचीही नव्हती. ती पडितावरून काठी घेऊन सरळ चालत आली आणि चंद्रभानपासून थोड्या अंतरावर दगडावर बसली.  लाकडं तडतडत होती. पडिताच्या बाजूनं कुत्री एकेक करून येऊन बसत होती, गवताच्या कडेला, रांग लावल्यासारखी.

"दोन सुया मारल्या होत्या," चंद्रभान म्हणाला. "पोळ्याच्या सकाळी एक. अन् दुसऱ्या दिवशी एक."

"मालूम हाये."

"जमुना तुले सांगनार होती. म्या तिले माही शपथ घातली."

नसीमबानोनं मान हलवली. ज्वाळेकडे बघता बघता तिचे डोळे चुरचुरू लागले होते.

"अन् कुत्र्याचं? ते कावून दडवलं भाऊ? अमरावतीले नेलं असतं तं..."

चंद्रभाननं बाहेर आलेलं एक लाकूड आत सारलं.

"सारं गाव म्हनत होतं, हाडवालीचा शाप हाये," तो म्हणाला. "दवाखान्यात नेलं असतं तं गावाले मालूम झालं असतं. तुहं बोलनं खरं ठरलं असतं. जमुना मले म्हने, नसीमले बोलाव, थे नेईन मले दवाखान्यात. म्या म्हटलं, मरशीन पन तिच्या दारात जाऊ नोको."

नसीमबानोला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. धुऱ्यावर उभी राहिलेली जमुना तिला आठवली. एकदा ती लुगडं घोट्याच्या वर धरून, लंगडत आली होती. नसीमबानोला वाटलं होतं, काटा रुतला असेल. आणि ती बंडीच्या पलीकडे गेली होती.

तिला चंद्रभानला काहीतरी फार वाईट बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले आणि तिथंच राहिले, कारण त्यातला अर्धा भाग तिचाच होता. ती नुसती रडत राहिली, आणि तोही.

रांगेतली तीन-चार कुत्री उठली. मग त्यांच्यामागची उठली. ती भुंकत नव्हती. नसीमबानोनं पदरानं डोळे पुसले, काठी उचलली आणि उभी राहिली.

"उठा भाऊ," ती म्हणाली. "तुमी नाल्याच्या अंगानं पाहा. म्या इकून पाह्यते."